उठणे, उठवणे आणि ‘मे देस्प्येर्तो’

प्रश्न : मी सुरतेत उधन्याला राहते. माहेर अमळनेर, त्यामुळे घरात अहिराणी आणि मराठी, शेजारीपाजारी गुजराती. रिंग रोडवरच्या एका कापड निर्यातदाराकडे नोकरी करते. दक्षिण अमेरिकेतल्या ग्राहकांशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून स्पॅनिश शिकायला घेतलं. सुरुवात बरी झाली, पण दिनचर्येच्या धड्यावर गाडी अडली आहे. ‘देस्पेर्तार्से’ म्हणजे उठणे, जागं होणे. मग ‘मी उठते’साठी ‘मे देस्प्येर्तो’ का? उठायला हे ‘मे’ कशाला लागतं? मधल्या ‘पे’चा ‘प्ये’ का होतो, आणि ‘आम्ही उठतो’ म्हणताना तोच परत ‘पे’ कसा होतो? शिवाय ‘मला तुमचं पत्र आठवतं’ यासाठी मी ‘मे आक्वेर्दा’ लिहिलं, तर शिक्षिकाबाईंनी लाल रेघ मारली. माझ्या मते ते बरोबर होतं.
— एक वाचक, उधना, सुरत

उत्तर : तुमच्या वहीत दोन वेगळ्या गोष्टींची एकच गाठ बसली आहे. ‘मे’चा संबंध अर्थाशी आहे, ‘प्ये’चा उच्चाराशी. त्या दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. दिनचर्येतल्या बऱ्याच क्रियापदांत दोन्ही एकत्र सापडतात, म्हणून पाठ्यपुस्तकं दोन्ही एकाच धड्यात कोंबतात आणि विद्यार्थ्याला वाटतं की ‘मे’ आलं म्हणून स्वर बदलला. तसं नाही. ‘लेवान्तार्से’ म्हणजे अंथरुणातून उठून उभं राहणे. त्याचं ‘मे लेवान्तो’ होतं: ‘मे’ आहे, स्वर जागच्या जागी. ‘केरेर’ म्हणजे हवं असणे. त्याचं ‘क्येरो’ होतं: स्वर बदलला, ‘मे’चा पत्ता नाही. तेव्हा गाठ सोडवू आणि एकेक धागा घेऊ.

आधी ‘मे’. देस्पेर्तार या मूळ क्रियापदाचा मुख्य अर्थ ‘उठणे’ नाही, ‘उठवणे’ आहे. सगळी मेख इथे आहे. मराठीत मूळ धातू ‘उठ’, आणि दुसऱ्याकडून ती क्रिया करवायची तर त्याला ‘व’ जोडून ‘उठवणे’. शाळेत हे प्रयोजक क्रियापद म्हणून शिकलो: बसणे–बसवणे, निजणे–निजवणे. तुमच्या शेजारची गुजरातीही याच वाटेने जाते, बेसवुं–बेसाडवुं, सूवुं–सुवाडवुं. स्पॅनिश उलट्या टोकाकडून निघते. तिच्याकडे सेन्तार म्हणजे ‘बसवणे’, आकोस्तार म्हणजे ‘निजवणे’, बेस्तिर म्हणजे ‘कपडे घालणे’, तेही बाळाला किंवा नवरदेवाला, दुसऱ्या कुणाला. हीच क्रिया कर्त्याने स्वतःवर केली की तिला ‘से’ची शेपटी लागते. सेन्तार्से, ‘स्वतःला बसवणे’, म्हणजे बसणे. आपण दुसऱ्यासाठी शब्द लांबवतो, ते स्वतःसाठी लांबवतात.

तुमच्या घरातलं उदाहरण घ्या. ‘देस्प्येर्तो आ मि इहो’ म्हणजे मी माझ्या मुलाला उठवते. ‘मे देस्प्येर्तो आ लास सेइस’ म्हणजे मी सहाला उठते. क्रियापद दोन्हीकडे तेच, फक्त पहिल्या वाक्यात उठवलं जाणारं माणूस मुलगा आहे, दुसऱ्यात तुम्ही स्वतः. ‘मे’ गाळून नुसतं ‘देस्प्येर्तो आ लास सेइस’ म्हटलंत, तर ऐकणारा बहुधा पुढच्या नावाची वाट बघत बसेल: सहाला उठवता, पण कुणाला?

ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. संस्कृतमध्ये आत्मनेपद आणि परस्मैपद असे दोन वेगळे साचे होते. यजमानासाठी यज्ञ करणारा ऋत्विज ‘यजति’, आणि स्वतःच्या फळासाठी करणारा यजमान ‘यजते’. मराठीने ते साचे टाकून दिले, पण गरज तीच राहिल्यामुळे ‘घेणे’ आणि ‘देणे’ कामाला लावले. ‘आवरून घे’, ‘जेवून घे’ हे स्वतःसाठी. ‘आवरून दे’ हे दुसऱ्यासाठी. स्पॅनिशचं ‘से’ या ‘घेणे’च्या बरंच जवळ जातं. हात धुण्याचं वाक्यही आपल्यासारखंच. आपण ‘मी माझे हात धुते’ म्हणत नाही, ‘हात धुते’ म्हणतो. तेही ‘मे लाबो लास मानोस’ म्हणतात, ‘माझे’ गाळून. हात कुणाचे हे ‘मे’ने आधीच सांगितलेलं असतं.

सुरतेत बसून व्याकरणाचा काथ्याकूट करायला संकोच वाटू देऊ नका. मराठीचे पाणिनी म्हणून ओळखले जाणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, आणि पुढे काही काळ ते तुमच्याच शहरात अध्यापन करत होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी सुरतेत मानवधर्म सभा काढली. जातिभेद आणि भुताखेतांच्या समजुतींवर तिथे चर्चा चाले.

आता दुसरा धागा. सहाही रूपं एकदा मोठ्याने म्हणा: यो मे देस्प्येर्तो, तू ते देस्प्येर्तास, एया से देस्प्येर्ता, नोसोत्रोस नोस देस्पेर्तामोस, बोसोत्रोस ओस देस्पेर्ताइस, एयास से देस्प्येर्तान. पुस्तकात ही रूपं दोन स्तंभांत छापतात आणि बदलणाऱ्या चारांभोवती रेघ ओढली की बुटाचा आकार होतो, म्हणून शिक्षक यांना ‘बुटाची क्रियापदं’ म्हणतात. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण बुटाने रूपं पाठ होतात, कारण कळत नाही. कारण ऐकण्यातच आहे. ‘देस्प्येर्तो’ म्हणताना जोर ‘प्येर्’वर पडतो. ‘देस्पेर्तामोस’ म्हणताना तो ‘ता’वर सरकतो. ज्या ‘ए’वर जोर येतो तो फुटून ‘ये’ होतो, जोर सरकला की ‘ए’ मूळपदावर येतो. ‘ओ’चंही तसंच, तो फुटून ‘वे’ होतो: मे आक्वेस्तो, पण नोस आकोस्तामोस. दुसरा नियम नाही.

हे लॅटिनपासून चालत आलं आहे. लॅटिनमधले आखूड ‘ए’ आणि ‘ओ’ जोराच्या जागी आले की स्पॅनिशमध्ये फुटले, इतरत्र तसेच राहिले. म्हणून नुसत्या क्रियापदांत नाही, सबंध भाषेत ही जोडी दिसते. सात म्हणजे स्येते, सत्तर म्हणजे सेतेन्ता. नऊ म्हणजे न्वेबे, नव्वद म्हणजे नोबेन्ता. दार म्हणजे प्वेर्ता, दारवान म्हणजे पोर्तेरो. आपल्या ‘सात–सत्तर’मध्येही स्वर आखडतोच. कारणं वेगळी, पण कानाला सवय आहे. त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे दूध आणि दुधात, सून आणि सुनेला, वकील आणि वकिलाला. शब्द पुढे वाढला की मागचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांत हे लिहिलेलं आहे, पण नियम न वाचलेला माणूसही बोलताना ‘दूधात’ असं ओढून म्हणत नाही. आपल्याकडे बदलते ती स्वराची लांबी, त्यांच्याकडे स्वराचा रंग. ‘ए’चा ‘ये’ होणं तर आपल्याला अजिबात नवं नाही. खेड्यात आजही ‘येक’ ऐकू येतो, आणि जुन्या हस्तलिखितांत ‘येक’, ‘वोवी’ अशीच रूपं सापडतात.

जोराचाच हा खेळ आहे, याचा पक्का पुरावा अर्जेंटिनात मिळतो. तिथे ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात आणि त्याच्या रूपात जोर शेवटच्या अक्षरावर पडतो. त्यामुळे ‘बोस ते देस्पेर्तास’. एकवचन आहे, ‘बुटा’च्या आतलं घर आहे, तरी स्वर फुटत नाही. तुमचे ग्राहक ब्युनोस आयरिसचे असतील तर हे रूप कानावर पडेल. ते चुकतायत असं समजू नका. उलट स्पेनमधलं ‘बोसोत्रोस’ तुम्हाला दक्षिण अमेरिकेच्या पत्रव्यवहारात लागणारच नाही. तिथे ‘तुम्ही लोक’ म्हणजे ‘उस्तेदेस’.

एकाच ग्राहकाला आदराने संबोधायचं तर ‘उस्तेद’, आणि त्याला तृतीय पुरुषाचं रूप: ‘कोमो से स्येन्ते, सेन्योर?’ म्हणजे तब्येत कशी आहे आपली. हा ‘उस्तेद’ जुन्या ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनातून झिजून आला, म्हणून क्रियापद तिसऱ्या पुरुषात. समोर बसलेल्यालाच ‘साहेब चहा घेतात ना?’ असं विचारणाऱ्या भाषेच्या माणसाला हे समजवायला नको.

‘इर’ने संपणाऱ्या काही क्रियापदांत ‘ए’ फुटत नाही, त्याचा सरळ ‘इ’ होतो. बेस्तिर्सेचं ‘मे बिस्तो’, ‘से बिस्ते’, पण ‘नोस बेस्तिमोस’. देस्पेदिर्से म्हणजे निरोप घेणे, त्याचं ‘मे देस्पिदो’. जोराचा नियम तोच.

आणि एक गंमत. ‘मे स्येन्तो’चे अर्थ दोन आहेत: ‘मी बसते’ आणि ‘मला (अमुक) वाटतं’. एक सेन्तार्सेचं रूप, दुसरं सेन्तिर्सेचं. ‘यो’ (मी) बरोबर दोन्ही एकाच रूपात येऊन मिळतात. पुढे गेलं की वाटा फुटतात. ‘ती बसते’ म्हणजे ‘से स्येन्ता’, ‘तिला वाटतं’ म्हणजे ‘से स्येन्ते’. ‘मे स्येन्तो ब्येन’ कुणी म्हटलं तर त्याला खुर्ची देऊ नका, त्याला बरं वाटतंय.

आता तुमची लाल रेघ. शिक्षिकाबाई बरोबर आहेत, पण तुमची चूक अगदी मराठमोळी आहे आणि तिच्यामागे तर्क आहे. मराठीत मनात घडणाऱ्या गोष्टींचा कर्ता आपण होत नाही, त्या आपल्याला होतात. मला आठवतं, मला बरं वाटतं, मला मजा येते, मला झोप लागते. क्रियापद आपल्याशी जुळत नाही, आठवणाऱ्या वस्तूशी जुळतं: मला पत्र आठवतं, मला सुट्ट्या आठवतात. तुम्ही ‘मे’ला ‘मला’ धरलंत, ‘पत्र’ तृतीय पुरुषी म्हणून ‘आक्वेर्दा’ केलंत. मराठी डोक्याने बघितलं तर चोख वाक्य. पण आकोर्दार्से (आठवणे) या क्रियापदात आठवणारी व्यक्तीच कर्ता असते, म्हणून ‘मे आक्वेर्दो’. जे आठवतं त्याच्या आधी ‘दे’: ‘मे आक्वेर्दो दे सु कार्ता’. तुम्हाला अमळनेर आठवतं? ‘मे आक्वेर्दो दे अमळनेर’. आठवत नाही? ‘नो मे आक्वेर्दो’; ‘नो’ नेहमी ‘मे’च्या आधी. मजा येते हे ‘मे दिब्येर्तो’, म्हणजे शब्दशः मीच माझी करमणूक करते. स्पॅनिश माणूस आठवणीचाही आणि मजेचाही कर्ता स्वतः होतो. मला विचाराल तर ‘मला आठवतं’ हे जास्त खरं आहे, आठवण काही आपण ठरवून काढत नाही. पण त्यांच्या दुकानात त्यांचंच नाणं चालणार.

गुंता इथेच संपत नाही, कारण स्पॅनिशमध्ये खरोखर ‘मला’ असलेलं ‘मे’सुद्धा आहे. मला चहा आवडतो: ‘मे गुस्ता एल ते’. इथे क्रियापद चहाशी जुळलं, अगदी मराठीसारखं. माझं डोकं दुखतं: ‘मे द्वेले ला काबेसा’. दुखण्याचं क्रियापद दोलेर, त्याचाही ‘ओ’ फुटून ‘वे’ झाला, पुढे ‘मे’ही आहे, म्हणजे दिसायला हुबेहूब तुमच्या धड्यातलं. पण हे त्या जातीचं नाही. इथे दुखतं ते डोकं, तुम्ही नाही.

ओळखायचं कसं? वाक्यातून स्वतःला काढा आणि दुसऱ्या बाईला बसवा. ‘तिला’ म्हणताना ‘मे’चं ‘ले’ झालं तर ते खरं ‘मला’ होतं: ले गुस्ता, ले द्वेले. ‘मे’चं ‘से’ झालं तर कर्त्याकडे वळणारी क्रिया: से आक्वेर्दा, से दिब्येर्ते, से स्येन्ते. यादी पाठ करण्यापेक्षा ही कसोटी मला भरवशाची वाटते.

मराठी कानाला आणखी दोन सापळे आहेत. ‘मे’ आणि आपलं ‘मी’ जवळजवळ सारखे ऐकू येतात. ‘मे देस्प्येर्तो, मे आक्वेस्तो’ असं घोकता घोकता ‘मे’ म्हणजेच मी अशी खूण मनात पक्की होते आणि मग ‘मी काम करते’साठी ‘मे त्राबाहो’ बाहेर पडतं. तिथे नुसतं ‘त्राबाहो’. मी म्हणजे ‘यो’, आणि तो बहुतेक वेळा बोलायचाही नसतो, शेवटच्या ‘ओ’नेच काम भागतं. दुसरा सापळा खास बायकांसाठी. आपण ‘उठतो’ आणि ‘उठते’ असा भेद करतो. स्पॅनिश विशेषणांत स्त्रीलिंगी शेवट ‘आ’ असतो. मग ‘मी बाई, म्हणून देस्प्येर्ता’ असा मोह होतो. वर्तमानकाळाच्या क्रियापदाला लिंग नाही. बाई असो वा बुवा, ‘मे देस्प्येर्तो’. ‘मी जागी आहे’ म्हणायचं तेव्हा मात्र ‘एस्तोय देस्प्येर्ता’, कारण तिथे ते विशेषण आहे.

‘मे’ची जागा: रूप चालवलेल्या क्रियापदाच्या आधी, स्वतंत्र. दोन क्रियापदं असतील तर पहिल्याच्या आधी किंवा दुसऱ्याला चिकटून, दोन्ही चालतं. मला बसायचंय: ‘मे क्येरो सेन्तार’ किंवा ‘क्येरो सेन्तार्मे’. मधोमध कुठे घुसवू नका. आलेल्या पाहुण्याला ‘बसा’ म्हणायचं तर ते मागे चिकटतं: ‘स्येन्तेसे’. ही आज्ञा झाली, वर्तमानकाळ नव्हे, पण कार्यालयात रोज लागेल.

कोणती क्रियापदं बदलतात हे मूळ रूप पाहून खात्रीने सांगता येत नाही. बदल नेहमी धातूतल्या शेवटच्या स्वरात होतो, एवढं नक्की. पण त्या जागी ‘ए’ किंवा ‘ओ’ असला म्हणजे तो बदलेलच असं नाही. केदार्से म्हणजे थांबणे, राहणे: ‘मे केदो’, बदल नाही. एस्कोन्देर्से म्हणजे लपणे: ‘मे एस्कोन्दो’, बदल नाही. शब्दकोशात क्रियापदापुढे बदलणारा स्वर कंसात दिलेला असतो, तो बघायची सवय लावा. शिवाय त्याच कुळातलं एखादं नाम आठवलं तर पुष्कळदा सुगावा लागतो. आसन म्हणजे आस्येन्तो, म्हणून सेन्तार फुटणार. गोष्ट म्हणजे क्वेन्तो, हिशेब म्हणजे क्वेन्ता, म्हणून कोन्तार फुटणार. हा शब्द सांगण्यासाठीही आहे आणि मोजण्यासाठीही. कापडाच्या धंद्यात दोन्हीची गरज.

सरावासाठी एक वाक्य देतो, ज्यात दोन्ही धागे आहेत: ‘मे आक्वेस्तो आ लास ओन्से, पेरो मे द्वेर्मो आ लास दोसे.’ अकराला पाठ टेकते, पण डोळा बाराला लागतो. दोर्मिर म्हणजे झोपणे; त्याला ‘से’ लागलं की झोप लागणे. आता हेच ‘आम्ही’ लावून म्हणा: नोस आकोस्तामोस, नोस दोर्मिमोस. दोन्ही स्वर परत आले पाहिजेत.

प्रश्न : वरचा प्रश्न विचारणारी माझी मैत्रीण आहे. मी वापीची. आमच्या जवळच दमण आहे आणि तिथल्या काही जुन्या घरांत अजून पोर्तुगीज बोलतात. ती शिकले तर स्पॅनिश आपोआप येईल का? स्वर तिथेही फुटतात का?
— एक वाचक, वापी

उत्तर : आपोआप नाही, पण सोपी नक्कीच जाईल. स्वरांच्या बाबतीत पोर्तुगीज शांत आहे. लॅटिनचे ते आखूड ‘ए’ आणि ‘ओ’ तिने फोडले नाहीत. स्पॅनिशचं प्वेर्ता तिच्याकडे पोर्ता, स्येते तिच्याकडे सेत. काही क्रियापदांत तिथेही स्वर वर चढतो, पण ‘ये’ आणि ‘वे’चा हा प्रकार नाही. शब्दसंग्रह मात्र बराच सामाईक आहे, आणि चावी, बटाटा, काजू, पगार हे शब्द पोर्तुगिजांकडूनच मराठीत आलेले असल्याने थोडं भांडवल तुमच्या घरात आधीच आहे. दमणवरची पोर्तुगीज सत्ता १९६१ च्या डिसेंबरात संपली, त्यामुळे ही भाषा बोलणारं वडीलधारं माणूस भेटलं तर वेळ काढून ऐका.

फक्त एका शब्दापाशी सावध राहा, नेमक्या तुमच्या मैत्रिणीला लाल रेघ मिळवून देणाऱ्या. पोर्तुगीजमध्ये ‘आकोर्दार’ म्हणजे जागं होणे, तेही ‘मे’शिवाय. सकाळी सहाला ‘एउ आकोर्दु’ असं दमणच्या आजी म्हणाल्या, तर त्या उठल्याचं सांगत आहेत, काही आठवल्याचं नाही.